वाचक विचारतात : स्कॉटलंडच्या बेटांमध्ये शिडाच्या नौकेतून

उन्हाळी सुटीचे बेत ठरू लागले की परदेशस्थ वाचकांची पत्रे वाढतात. या वेळी पाच पत्रे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील नौकाप्रवासाविषयीच आली असल्याने त्यांची उत्तरे एकत्र दिली आहेत.

प्रश्न : आम्ही चौघांनी जुलैच्या मध्यास ओबनजवळून एक शिडाची यॉट आठवड्यासाठी भाड्याने घेतली आहे. आमच्यापैकी दोघांकडे रॉयल यॉटिंग असोसिएशनचे ‘डे स्किपर’ प्रमाणपत्र आहे, मात्र अनुभव सगळा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा आहे. पहिल्या दिवशी टोबरमोरी, दुसऱ्या दिवशी स्टाफा व आयोना, तिसऱ्या दिवशी कॅना, मग स्काय आणि परत, असा तक्ता आम्ही केला आहे. तिकडचे हवामान फार लहरी असते असे ऐकतो. हा तक्ता कितपत टिकेल?
— एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : तक्ता नकाशावर सुरेख दिसतो, पण तो दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत टिकला तरी नशीब म्हणावे लागेल. तरीही आपला आठवडा उत्तम जाऊ शकतो, कारण या किनाऱ्याची रचनाच अशी आहे की वारा कोणत्याही दिशेचा असला तरी कुठल्या ना कुठल्या बेटाच्या आडोशाला जाता येते. अडचण येते ती ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी पोहोचण्याचा हट्ट धरल्याने.

आपल्या तक्त्यातली खरी उणीव स्टाफा किंवा कॅना ही नसून परतीचा रस्ता ही आहे. या भागात उन्हाळ्यात वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून वाहतो. त्यामुळे ओबनहून उत्तरेकडे निघालेल्या नौकेला तो पाठीशी किंवा कुशीला मिळतो, प्रवास हलका वाटतो, आणि नवख्या मंडळींना हा किनारा लोक सांगतात तेवढा अवघड नाही असे वाटू लागते. यामागचा हिशेब सोपा आहे. वारा १८ नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आहे आणि नौका त्याच दिशेने ६ नॉटने जात आहे असे धरले, तर डेकवर जाणवणारा वारा उरतो १२ नॉटचा, म्हणजे वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफर्ट मापनानुसार बल ४ चा. परतताना तोच वारा समोरून आला आणि नौका ५ नॉटने त्याच्यात शिरू लागली, की डेकवर २२ नॉटच्या आसपास वारा लागतो आणि ते बल ६ झाले. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे शिडावर येणारा भार तिपटीहून अधिक होतो. हवामान बदललेले नसते, फक्त नौकेचे तोंड फिरलेले असते. शिवाय शिडाची नौका वाऱ्याच्या थेट तोंडी जाऊ शकत नाही. तिला नागमोडी जावे लागत असल्याने नकाशावरचे २५ सागरी मैल प्रत्यक्षात पस्तीसच्या घरात जातात आणि पाच तासांच्या प्रवासाला सात-आठ तास लागतात.

म्हणून आखणी उलट बाजूने करावी. नौका शनिवारी सकाळी परत द्यायची असेल तर गुरुवारी रात्रीपर्यंत आपण मलच्या सामुद्रधुनीत, म्हणजे मल बेट आणि मॉर्व्हर्नची मुख्यभूमी यांच्यामधल्या पट्ट्यात, परत आलेले असावे. तिथून ओबन एका टप्प्यावर राहते. या पट्ट्यात पाण्याची ओढ फारशी नसते आणि अटलांटिकची लांब लाट आत येत नाही. वारा मात्र दोन्ही बाजूंच्या डोंगरांत सापडून पट्ट्याच्याच रोखाने, म्हणजे एक तर थेट समोरून नाही तर थेट पाठीमागून, वाहतो. मध्येच लॉख अलाइनचे (लॉख म्हणजे इथे समुद्राची खाडी) अरुंद तोंड आहे. आत शिरले की बाहेरच्या लाटांचा मागमूस उरत नाही.

यानंतर प्रश्न उरतो अर्डनमर्खनचा. हे भूशिर ओलांडायचे की नाही, हा आपल्या आठवड्यातला एकमेव मोठा निर्णय असेल. ॲलन स्टीव्हन्सन यांनी १८४९ साली बांधलेले दीपगृह तिथे उभे आहे. त्याच्या पश्चिमेला मोकळा समुद्र आहे आणि आयत्या वेळी सहज शिरता येईल असा आडोसा जवळ नाही. भूशिरापाशी वारा अंदाजापेक्षा एका बलाने जास्त धरावा, असा माझा सल्ला राहील. अंदाजात पश्चिमेचा ५ बलाचा वारा आणि पुढे ६ असे दिसले, तर तुमच्या अनुभवाच्या नौकेने टोबरमोरीलाच थांबावे. तिथला किनाऱ्यालगतचा रंगीत घरांचा पट्टा पाहण्यात दिवस वाया गेला असे वाटण्याचे कारण नाही. भूशिराच्या दक्षिणेला लॉख सुनार्ट ३० किलोमीटर आत गेलेले आहे आणि त्याच्या तोंडाशी असलेल्या लॉख ड्रमबुईसारखा निवारा सबंध किनाऱ्यावर क्वचितच सापडेल. उलट दोन दिवसांची उघडीप मिळते आहे असे दिसले तर कॅनाला जरूर जावे. तिथले बंदर पूर्वेकडे उघडे असले तरी पश्चिमेच्या वाऱ्यात अगदी निवांत असते.

स्टाफाविषयी एक सावधगिरीची सूचना. आपल्या सह्याद्रीप्रमाणेच हे बेट बसाल्टचे आहे, मात्र तिथला खडक थंड होताना त्याचे उभे खांब बनले आणि त्यांच्यात लाटांनी फिंगलची गुहा कोरली. तिथे रात्री नांगर टाकून राहण्याजोगी जागा नाही, आणि उतरायचे तर समुद्र खरोखर शांत हवा. वारा पडला म्हणजे समुद्र शांत झाला असे मात्र होत नाही. दूरच्या वादळाने उठवलेली लांब लाट वारा थांबल्यावरही दिवस-दोन दिवस येत राहते आणि खांबांच्या पायथ्याशी फुटत राहते. म्हणून स्टाफाला तारीख देऊ नये. तशी सकाळ उगवली की निघावे.

सलग चार-पाच दिवस पश्चिमेचे जोरदार वारे राहणार असे दिसले, तर पश्चिम सोडून द्यावी आणि लिनी या लांबलचक खाडीतून फोर्ट विल्यमकडे जावे. तिथे कॉर्पाखला १८२२ साली खुला झालेला कॅलेडोनियन कालवा सुरू होतो. ‘नेपच्यूनचा जिना’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सलग आठ जलपाशांतून, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करणाऱ्या दरवाजांच्या कप्प्यांतून, नौका वर चढवण्यात एक सकाळ आनंदात जाते. कालव्यात न्यायला नौकेच्या मालकाची परवानगी आहे का, हे मात्र निघण्याआधी विचारून घ्यावे.

प्रश्न : आमच्याकडे जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात आणि नारळी पौर्णिमेनंतरच समुद्रावर जातात. स्कॉटलंडमध्ये तर हाच हंगाम म्हणे, आणि तरीही हवामान वादळी! मग हा हंगाम कसला?
— एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : आपली शंका रास्त आहे. कोकणात पावसाळ्यातला वारा दिशेने पक्का असतो. नैर्ऋत्येकडून सुरू झाला की महिनोन् महिने तिथूनच वाहतो, आणि म्हणूनच तो किनारा त्या काळात सर्रास बंद ठेवणे शहाणपणाचे ठरते. स्कॉटलंडमध्ये तसे एकच एक दीर्घ प्रकरण नसते. ध्रुवाकडची थंड हवा आणि दक्षिणेकडची उबदार हवा यांची सीमा उत्तर अटलांटिकवर असते, तिच्यावरून उंचावर जेट प्रवाह, म्हणजे अतिवेगवान वाऱ्याचा ओघ, वाहतो, आणि या सीमेवर कमी दाबाचे पट्टे एकामागून एक तयार होऊन बहुधा आइसलंड व स्कॉटलंड यांच्या मधून ईशान्येकडे सरकतात. हिवाळ्यात ते उग्र असतात. उन्हाळ्यात जेट प्रवाह सहसा उत्तरेकडे सरकतो व मंदावतो, त्यामुळे ते सौम्य होतात आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये एखाद-दोन दिवसांची स्वच्छ उघडीप मिळते. तिथला हंगाम तो हाच. मे आणि जूनचा पूर्वार्ध जुलै-ऑगस्टपेक्षा बहुधा कोरडा जातो, हे सुटी ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. जूनअखेर ओबनला रात्री दहापर्यंत उजेड असतो, हाही मोठा फायदा आहे.

असा पट्टा जवळून जाताना काय होते ते समजून घेतले की लहरी वाटणारे हवामान बरेचसे क्रमवार दिसू लागते. आधी उंच, पिसांसारखे ढग येतात, वायुभारमापकाचा काटा उतरू लागतो आणि वारा दक्षिणेकडे किंवा आग्नेयेकडे वळून वाढतो. मग पाऊस येतो. त्यानंतर नैर्ऋत्येचा दमट वारा, बारीक रिमझिम आणि धूसर दृष्टी असे काही तास जातात. शेवटी शीत आघाडी, म्हणजे मागून येणाऱ्या थंड हवेची पुढची कड, ओलांडून जाते. वारा अर्ध्या तासात, कधी काही मिनिटांत, वायव्येकडे फिरतो, झोतांसह सरी कोसळतात आणि आकाश लख्ख होते. नवख्यांना याच लख्ख आकाशाचा मोह पडतो, पण लाटांची सर्वांत वाईट अवस्था बहुधा तेव्हाच असते, कारण जुन्या दिशेच्या लाटांवर नव्या दिशेच्या लाटा चढलेल्या असतात.

याचा सर्वांत जास्त परिणाम रात्रीच्या मुक्कामावर होतो. संध्याकाळी दक्षिणेच्या वाऱ्यात जी खाडी निवांत वाटते, तीच पहाटे वायव्येच्या वाऱ्यात सापळा होऊ शकते. म्हणून नांगर टाकताना आत्ताचा वारा नव्हे, तर पहाटेचा वारा पाहायचा असतो. आणि क्वचित उन्हाळ्यातही पट्टा सौम्य राहत नाही. ४ ऑगस्ट २०२५ रोजी ‘फ्लोरिस’ वादळ स्कॉटलंडवरून गेले तेव्हा ब्रिटनच्या हवामान खात्याला तिथे अंबर (लाल इशाऱ्याच्या खालोखालच्या) पातळीचा इशारा द्यावा लागला होता. त्याची सूचना मात्र पुष्कळ आधी मिळालेली होती.

प्रश्न : जुरा बेटाजवळच्या कोरीव्रेकन भोवऱ्याविषयी वाचले. लहान नौकेने तिथून जाणे म्हणजे जिवाशी खेळच नाही का?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : वेळ चुकली तर होय, आणि वेळ साधली तर नाही. जुरा आणि स्कारबा या दोन बेटांमधल्या या खिंडीतून उधाणाच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी ८ नॉटहून अधिक वेगाने वाहते. बहुतेक यॉट इंजिनावरही इतक्या वेगाने जाऊ शकत नाहीत. पाण्याखालचा एक सुळका पृष्ठभागाखाली सुमारे ३० मीटरपर्यंत वर आलेला आहे, त्यावर हा ओघ आदळतो आणि भोवरे व उभ्या लाटा निर्माण होतात. भरतीचा ओघ इथे पश्चिमेकडे, म्हणजे थेट अटलांटिकच्या दिशेने, जातो. त्याच वेळी पश्चिमेचा जोरदार वारा आणि लांब लाट समोरून आली तर तिथे कोणत्याही नौकेने असू नये. त्या परिस्थितीत होणारा गडगडाट कित्येक किलोमीटरवर ऐकू येतो.

ऑगस्ट १९४७ मध्ये त्या वेळी जुरावर राहत असलेले लेखक जॉर्ज ऑर्वेल आपल्या लहान मुलाला व भाचरांना घेऊन एका छोट्या होडीतून इथून येत होते. भरती-ओहोटीचे कोष्टक वाचण्यात त्यांची चूक झाली. होडीचे इंजिन निखळून पाण्यात गेले आणि खडकाळ बेटाशी होडी उलटली. शेवंड पकडणाऱ्या कोळ्यांनी त्यांना सोडवले. ती घटना वादळातली नव्हती, आणि म्हणूनच ती सांगण्याजोगी आहे.

आपल्याकडच्या वाचकांना एक सोय अशी की तिथी माहीत असली म्हणजे तिथल्या पाण्याचा अर्धा अंदाज इथूनच बांधता येतो. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतर दोनएक दिवसांनी उधाण येते आणि अष्टमीनंतर तेवढ्याच दिवसांनी भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती-ओहोटी. हा नियम मुंबईला लागू आहे तसाच ओबनलाही. ओबनला उधाणात भरती-ओहोटीतला फरक सरासरी ३.३ मीटर असतो, तर भांगाला जेमतेम १.१ मीटर. साहजिकच भांगाच्या दिवसांत ओघही पुष्कळ मवाळ होतात. फक्त घड्याळ वेगळे आहे. मुंबईत उधाणाची भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास येते, ओबनला ती सकाळ-संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमारास. सुटीचा आठवडा निवडण्याची मुभा असेल तर अष्टमीनंतरचा निवडावा, असे मी सांगेन. हवामानाची हमी कोणी देऊ शकत नाही, चंद्राची देता येते.

कोरीव्रेकन पाहिलेच पाहिजे असे नाही. तिथूनच उत्तरेकडे जाणारा लुइंगच्या सामुद्रधुनीचा मार्ग आहे. तिथेही ओघ ७ नॉटपर्यंत जातो, पण तो आपल्या बाजूचा असताना निघाले की नौका जणू सरकत्या जिन्यावरून जाते. वारा आणि ओघ एकमेकांविरुद्ध नसावेत, एवढी एक गोष्ट मात्र तिथेही पाळावी लागते. २० नॉटचा वारा ओघाच्या दिशेने असेल तर पाणी सपाट राहते, आणि विरुद्ध असेल तर त्याच वाऱ्यात लाटा आखूड, उंच व भिंतीसारख्या उभ्या होतात.

प्रश्न : सागरी हवामानाच्या अंदाजात ‘सून’, ‘लेटर’ असे शब्द येतात. नेमके किती तास समजायचे? आणि मोबाइलवरचे ॲप असताना रेडिओ ऐकण्याची गरज आहे का?
— एक वाचक, ग्लासगो

उत्तर : हे शब्द मोघम नाहीत. ‘इमिनंट’ म्हणजे अंदाज प्रसृत झाल्यापासून सहा तासांच्या आत, ‘सून’ म्हणजे सहा ते बारा तासांत, आणि ‘लेटर’ म्हणजे बारा तासांनंतर. ‘वेअरिंग’ म्हणजे वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणार आणि ‘बॅकिंग’ म्हणजे उलट. दृश्यमानता ‘पुअर’ म्हटली की दोन सागरी मैलांपेक्षा कमी समजावी. आपल्या भागासाठी ‘मल ऑफ किंटायर ते अर्डनमर्खन पॉइंट’ हा किनारी पाण्याचा अंदाज ऐकावा आणि ‘मॅलिन’ व ‘हेब्रिडीज’ या सागरी विभागांचे अंदाज जोडीला घ्यावेत, म्हणजे पश्चिमेकडून काय येते आहे ते कळते.

ॲप जरूर वापरावे, पण ते जे आकडे दाखवते ते संगणकीय प्रतिमानाचे असतात आणि त्या प्रतिमानाला प्रत्येक डोंगर व खिंड दिसतेच असे नाही. शिवाय बेटांच्या आड मोबाइलला रेंज नसते. तटरक्षक दल दर तीन तासांनी व्हीएचएफ रेडिओवर, चॅनल १६ वर पूर्वसूचना देऊन, सुरक्षा माहिती व अंदाज प्रसारित करते. ते ऐकून वहीत उतरवून ठेवण्याची सवय लावावी. सलग तीन अंदाज वहीत शेजारी शेजारी दिसले की हवामान सुधारते आहे की ढासळते आहे हे कोणत्याही ॲपपेक्षा लवकर लक्षात येते.

प्रश्न : माझा मुलगा व सून मित्रांसोबत अशाच सहलीला निघाले आहेत. सुनेला बोट लागते. खाण्यापिण्याचे काय करावे? आणि रात्री नांगरलेली नौका वाऱ्याने वाहून जात नाही ना? आईच्या जिवाला घोर लागला आहे.
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : घोर समजण्यासारखा आहे, पण त्यातला बराचसा कमी करता येईल. बोट लागण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी, म्हणजे उलटीची भावना होण्यापूर्वी, घ्यायची असते. नंतर ती पोटात टिकत नाही. सूनबाईंनी खाली केबिनमध्ये न बसता वर उघड्यावर, क्षितिजाकडे पाहत बसावे आणि जमल्यास सुकाणू हाती घ्यावे. नौका चालवणाऱ्याला बोट सहसा कमी लागते. आलेपाक सोबत असू द्यावा. त्याने अपाय तर होत नाहीच. स्वयंपाकासाठी लहान प्रेशर कुकर नेण्याची शिफारस मी आवर्जून करेन, कारण झाकण बंद असल्याने नौका हेलकावली तरी काही सांडत नाही, गॅस कमी लागतो आणि मुगाची खिचडी थंडीत भिजून आलेल्या माणसाला जे देते ते डबाबंद सूप देत नाही. जुलैतही तिथल्या समुद्राचे पाणी १२ ते १४ अंश सेल्सिअसच असते, त्यामुळे लोकरीचे कपडे हवेत, आणि डेकवर असताना लाइफ जॅकेट अंगावर हवेच. इतक्या गार पाण्यात अचानक पडल्यास पहिल्या मिनिटात श्वासावर ताबा राहत नाही, आणि पट्टीच्या पोहणाऱ्याचेही तेच होते.

नांगराबाबत मुलाला दोन गोष्टी विचाराव्यात. खोलीच्या किमान चौपट साखळी सोडतो का, आणि वाऱ्याची शक्यता असल्यास त्याहून जास्त सोडतो का? आणि नांगर टाकल्यावर इंजिन मागे चालवून तो तळाला रुतला की नाही हे पाहतो का? कारण तिथे तळावर केल्प नावाचे जाड समुद्री शेवाळ असते व नांगर नुसता त्यात अडकलेला असू शकतो. उंच कड्यांच्या कुशीतली जागा आडोशाची वाटते, पण वारा डोंगरमाथ्यावरून खाली कोसळून तिथे भयंकर झोत येतात. स्कायमधल्या कुलिन पर्वताच्या पायथ्याचे लॉख स्काव्हेग याबाबत कुप्रसिद्ध आहे. त्यापेक्षा बुटक्या, झाडीच्या टेकड्यांमागची खाडी चांगली. किनाऱ्याच्या फार जवळही राहू नये, कारण वारा पडला की ‘मिज’ नावाच्या चावऱ्या चिलटांचे थवे येतात. वारा थोडा वाहत असलेला बरा, असे तिथे रोज संध्याकाळी वाटते.

संकटकाळी चॅनल १६ वर हाक दिली की तटरक्षक दल उत्तर देते. १८२४ साली स्थापन झालेल्या जीवरक्षक नौकांच्या संस्थेची, आरएनएलआयची, ठाणी ओबन, टोबरमोरी आणि मलेग येथे आहेत. मुलाने रोजचा मार्ग आणि मुक्काम किनाऱ्यावरील एखाद्या परिचिताला कळवून निघावे. आपल्याला मात्र त्याने ‘रात्री आठला फोन करतो’ असे कबूल करू नये. रेंज नसल्याने फोन आला नाही की आपण इकडे जागत बसाल. रेंज असलेल्या बंदरात पोहोचल्यावर संदेश येईल, आणि एखाद्या दिवशी तो आला नाही तर त्याचा अर्थ बहुधा ते वारा उतरण्याची वाट पाहत कुठल्यातरी खाडीत थांबले आहेत एवढाच असेल.